शेवटचा तांब्या

"ठेव! ठेव तो तांब्या खाली!"

मी ठेवला. ठेवला म्हणजे हातातून सुटला. न्हाणीच्या फरशीवर आपटला, गडगडत मोरीपर्यंत गेला. पाणी माझ्या पायांवर सांडलं. बाळ दचकलं आणि रडायला लागलं.

मी नऊ वर्षांची होते. साल एक्याण्णव. नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका बंगल्यात माझी आई बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला जायची. उन्हाळ्याची सुट्टी होती, म्हणून मला सोबत न्यायची. माझं काम ठरलेलं. तेलाची वाटी कोमट करायची. धुरीसाठी शेगडीतले निखारे फुलवायचे. बाकी वेळ भिंतीला चिकटून उभं राहायचं.

त्या न्हाणीच्या कोनाड्यात तांब्याचा एक चकचकीत तांब्या भरून ठेवलेला असायचा. आई पाय लांब करून पाटावर बसायची, बाळाला नडग्यांवर पालथं घालायची, तेल जिरवायची, साय आणि डाळीच्या पिठानं चोळायची, प्लास्टिकच्या मगानं पाणी घालायची. सगळं आटोपलं की त्या घरातल्या आजी पुढे यायच्या. "हो बाजूला," म्हणायच्या. आई बाजूला व्हायची. आजी बाळाला डाव्या हातावर घ्यायच्या, कोनाड्यातला तो तांब्या उचलायच्या आणि बाळाच्या डोक्यापासून पायापर्यंत पाणी ओतायच्या. मग पंच्यात गुंडाळून आत न्यायच्या.

मला वाटायचं, हा मान आहे. घरात मोठं कोण, त्याचा मान. त्या दिवशी मला काय सुचलं कोण जाणे. आजींना वाकायला त्रास होतो हे मी पाहिलं होतं. मी कोनाड्यातून तांब्या काढला आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरला. पाहुण्यांना धरतात तसा.

"काही शिकवलं नाहीस का गं पोरीला?" आजी माझ्याशी बोलल्याच नाहीत. आईला म्हणाल्या.

आई म्हणाली, "चुकलं आजी तिचं. पोर हाय."

आणि आईनं माझ्या थोबाडीत मारली. तेलाच्या हाताची थोबाडीत फार लागत नाही. घसरते. पण वास राहतो. दिवसभर माझ्या गालाला बाळाचा वास येत होता.

आजींनी तो तांब्या चिंचेनं तीनदा घासला. पुन्हा भरला. तोवर बाळ उघडंच होतं, ओलंच होतं, आईच्या दोन्ही हातांत होतं. आई पदरानं त्याला ऊब देत होती.

परत येताना रविवार कारंजा आला. मी विचारलं, "आई, त्या तांब्यानं काय होतं?"

"काय नाय. पानी."

"मग मी हात लावला तर काय झालं?"

आई चालता चालता म्हणाली, वरणाला फोडणी कशी द्यायची ते सांगावं तशी, "आपला हात लागल्यालं बाळ धुवून घ्यायला ते पानी आस्तं. त्या पान्यालाच आपला हात लागला, मंग कशानं धुवायचं?"

तिच्या आवाजात राग नव्हता. म्हणूनच मी ते विसरले नाही.

---

माझ्या आईच्या हाताला गुण होता. हे मी म्हणत नाही, अख्खा गंगापूर रोड म्हणायचा. रडकं बाळ तिच्या पायावर आलं की गप. वाकडं डोकं ती गोल करायची, चपटं नाक ओढून वर काढायची, पोटात वारा धरलेलं पोर दोन बोटांनी मोकळं करायची. बायका फोन करून एकमेकींना सांगायच्या, दुर्पदामावशींनाच बोलवा. तिचं नाव एका घरातून दुसऱ्या घरात जायचं. ती मागच्या दारानं जायची.

हाताला गुण आणि हाताचा विटाळ. एकाच घरात, एकाच बाळावर, दहा मिनिटांच्या अंतरानं.

माझे वडील एका छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. द्वारका चौकाच्या मागे आमची वस्ती, आणि वस्तीतल्या प्रत्येक सभेचं, प्रत्येक जयंतीचं, प्रत्येक मोर्चाचं पत्रक बाबांच्या हातून जायचं. बिघडलेले कागद ते घरी आणायचे. मी बालभारतीच्या आधी पत्रकं वाचायला शिकले. निळी शाई, जाड ठसे, उद्गारचिन्हं. 'बंधू-भगिनींनो' हा मला वाचता आलेला पहिला मोठा शब्द. मागची कोरी बाजू गणितासाठी. समोर क्रांती, मागे भागाकार. मला सगळं पाठ होतं. माणूस म्हणजे काय, गुलामी म्हणजे काय, स्वाभिमान कसा असतो.

आणि नववीत असताना एकदा शाळेची सहल निघाली होती. बस सिग्नलला थांबली. खिडकीतून मला आई दिसली. काखेत जुन्या लुगड्याचं बोचकं, हातात तेलाची बाटली, पायात दोन वेगवेगळ्या चपला. शेजारी बसलेली मैत्रीण म्हणाली, "ती बाई बघ, तुझ्याकडेच बघतेय."

मी म्हणाले, "वेडी असेल."

आईनं हात वर केला होता. तो तिनं तसाच डोक्याकडे नेला आणि पदर नीट केला.

मी हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पत्रकात हे लिहिता येत नाही.

---

थंड फरशीवर बसून बसून आईचे गुडघे गेले. उठताना तिला भिंत धरावी लागायची. त्याच सुमाराला बाबांचा छापखाना बंद झाला. कॉम्प्युटर आले, खिळे भंगारात गेले. तेव्हा मी अठरा वर्षांची होते. कॉलेजचं पहिलं वर्ष.

त्या बंगल्यातल्या सूनबाईंना सगळे वहिनी म्हणायचे. ज्या बाळाच्या वेळी माझ्या हातून तांब्या पडला, त्याची आई. आता नऊ वर्षांनी त्यांना मुलगी झाली होती, सई. तिलाही आईनंच न्हाऊ घातलं होतं. वहिनी बँकेत होत्या, रजा संपत आली होती. त्याच म्हणाल्या, "मावशी, तुम्ही पाळणाघर का नाही काढत? तुमच्यासारखे हात कुठे मिळणार? सई पहिली. बाकीची मी आणते. आमच्या बँकेतच चौघी आहेत."

आई घरी आली ती नव्या नवरीसारखी. गालातल्या गालात हसत. "खाली बसायचं नाय, दुसऱ्याच्या मोरीत जायचं नाय," ती म्हणाली. "पोरं आपल्या दारी येनार. पुढच्या दारानं."

वस्तीतली खोली सोडून आम्ही गोविंदनगरला एका रो-हाउसच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. मागच्या खोलीत आम्ही, पुढच्या खोलीत पाळणाघर. बाबांनी सामान उतरवायच्या आधी भिंतीत खिळा ठोकला आणि फोटो लावला. निळा कोट, चष्मा, हातात पुस्तक. आमच्याकडे घर बदलताना आधी तो फोटो जातो, मग पाण्याचा माठ, मग बाकीचं. आईनं जुन्या साड्यांच्या पाच झोळ्या बांधल्या. वस्तीतल्या बायकांनी गोधड्या शिवून दिल्या. एका गोधडीवर हत्ती होता, त्याला पाच पाय झाले होते. आई म्हणाली, "आसू दे. पोरं मोजायला शिकतीन."

सुरू करायच्या आदल्या दिवशी वहिनी बघायला आल्या. झोळ्या ओढून बघितल्या, खूश झाल्या. मग त्यांची नजर भिंतीवर गेली.

"मावशी, मला विचाराल तर मला काहीच नाही हो. मी असलं मानतच नाही. पण लोकं कशी असतात, तुम्हाला माहितीये. आधी मुलं तर येऊ देत. मग काय लावायचं ते लावा." आणि जाता जाता, "बोर्डावर आडनाव नको. नुसतं 'मावशी' लिहा. गोड वाटतं."

आईनं माझ्याकडे बघितलं. शिकलेली मी होते.

माझ्या पिशवीत तेव्हा आमच्या विद्यार्थी गटाचं पत्रक होतं. ताजं. त्यातला मधला मजकूर मी लिहिला होता. त्यात 'स्वाभिमान' हा शब्द चार वेळा होता.

मी स्टुलावर चढले आणि फोटो उतरवला. चादरीत गुंडाळला, पेटीत ठेवला. वर मुलांची दुपटी रचली. खिळा मोकळा दिसत होता म्हणून त्यावर बाळकृष्णाचं कॅलेंडर लावलं. लोण्याचं मडकं, मोरपीस. बोर्डावर लिहून घेतलं: 'गोकुळ पाळणाघर. संचालिका: मावशी'. आई म्हणाली, "माझं नाव टाक की गं. दुर्पदाबाई पगारे. कधी कुठं लिव्हलंच नाय कुनी."

मी म्हणाले, "नावाची गरज नसते आई. आणि हाय-नाय म्हणू नको आता. आहे म्हण. नाही म्हण."

ती दिवसभर पाठ करत होती. आहे. नाही. आहे. नाही.

बाबा संध्याकाळी आले. त्यांनी कॅलेंडर बघितलं. चपला काढल्या, पाणी प्यायले. मग म्हणाले, "काढला तर काढला. खिळा काढू नको."

एवढंच. रागावले असते तर मी भांडले असते. माझ्याकडे उत्तरं तयार होती.

---

पाळणाघर चाललं. सहा महिन्यांत अकरा मुलं. आईनं रोज सकाळी मऊ भात शिजवावा, त्यात तूप घालावं, एकेकाला मांडीवर घेऊन भरवावं. कोण कसं रडतं यावरून झोप, भूक की पोटदुखी ते ती मागच्या खोलीतून सांगायची. "रडू नको" असं ती कुणाला म्हणायची नाही. "रडू दे, छाती मोकळी होती," म्हणायची. मग दचकून माझ्याकडे बघायची आणि दुरुस्त करायची, "होते."

सई तिची लाडकी. कडेवरून उतरायची नाही. तिला पहिला शब्द फुटला तो 'माची'. मावशी म्हणायचं होतं तिला.

मग एके दिवशी वहिनी आल्या त्या पिशवी घेऊन. पिशवीत तो तांब्या होता. मी लगेच ओळखला. काठाला एक पोचा होता. तो माझा होता.

वहिनींना बोलायला जड जात होतं. "सासूबाईंचं एकच म्हणणं आहे हो. आता संध्याकाळी सईला न्यायला त्या येणार. मला उशीर होतो ना. तर रिक्षात तिला मांडीवर घ्यायच्या आधी... म्हणजे त्यांच्या समाधानासाठी. पाणी त्या घरून बाटलीत आणतील. फक्त तांब्या इथे खिडकीत राहू द्या. कुणी हात लावू नका, बस."

आमचं घर. आमचं भाडं. आमची खिडकी. त्यात एक तांब्या, ज्याला आम्ही हात लावायचा नाही.

मी म्हणाले, "चालेल वहिनी."

खरंच म्हणाले. असंच म्हणाले. कुणी माझा गळा धरला नव्हता. सई गेली तर बँकेतल्या चौघी जातील, हे माझ्या डोक्यात होतं. आई म्हणाली, "ठिवू दे. खिडकीला काय वझं व्हतंय."

त्यानंतर रोज सहा वाजता रिक्षा थांबायची. आजी उंबऱ्याच्या आत यायच्या नाहीत. आई सईला पायरीवर उभं करायची, आजी 'हो बाजूला' म्हणायच्या आणि आई मागे सरकायची. आजी खिडकीतून तांब्या घ्यायच्या, बाटलीतलं पाणी त्यात ओतायच्या, सईच्या हातापायांवर घालायच्या, डोक्यावर शिंपडायच्या. मग पुसून कडेवर घ्यायच्या. नाशिकची थंडी. पोरगी कुडकुडायची. तांब्या पुन्हा खिडकीत, पालथा.

बाकीच्या आया विचारायच्या, हे काय? मी सांगायचे, "दृष्ट काढतात. जुन्या लोकांचं असतं."

एक नवी आई म्हणाली, "किती छान! आमच्या चिनूची पण काढाल का?"

मी हसले. मी हसले तिच्यासोबत. आपल्या आईचा हात धुऊन काढताना रोज बघायचं आणि त्याला गोंडस नाव द्यायचं. हे काम आजींनी केलं नाही. वहिनींनी केलं नाही. मी केलं.

---

त्या दुपारी बाकीची मुलं झोळीत होती. सई तेवढी जागी. अडीच वर्षांची झाली होती. आईनं तिला चिंध्यांची बाहुली करून दिली होती. मी परीक्षेचं वाचत कोपऱ्यात बसले होते.

सई भिंतीला टेकून बसली. दोन्ही पाय लांब केले. बाहुली नडग्यांवर पालथी घातली. आणि चोळायला लागली. हुबेहूब आई. पाठीवरून तळहात, खांद्यावर अंगठा, मग उलटी करून नाक ओढणं, टाळूवर हलकेच तेल थापणं. ओठसुद्धा तसेच मुडपलेले. तान्हेपणी ती ज्या हातांखाली होती ते हात तिच्या अंगात उतरले होते. शिवाय रोज धाकट्यांना तेल लावताना ती आईपाशीच बसलेली असायची.

आई तोंडावर पदर धरून हसत होती. "बघ गं, माझी गिऱ्हाइकं पळवती का काय ही!"

"काय करतेस गं सई?" मी विचारलं.

"बाळाला न्हाऊ."

मग तिनं प्लास्टिकचा पेला घेतला. बाहुली डाव्या हातावर घेतली. मान वर करून आईकडे बघितलं. तिच्या आजीसारख्या भुवया केल्या.

"माची, हो बाजूला."

आणि आई सरकली.

विचार न करता. तिचं हसू अजून तोंडावर होतं आणि तिचं अंग मागे सरकलं होतं. गुडघे दुखत असताना, फरशीवर हात टेकून, अडीच वर्षांच्या पोरीच्या शब्दावर. सईनं रिकामा पेला बाहुलीवर ओतला. बाहुली छातीशी धरली.

"झालं. आता चांगली झाली."

खोलीत झोळ्यांच्या दोऱ्या करकरत होत्या. आईच्या तोंडावरचं हसू हळूहळू गेलं. तिला कळलं की ती सरकली आहे. तिनं माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. जशी बसच्या खिडकीतून मी काढून घेतली होती.

आम्ही मुलं वाढवायचं काम घेतलं होतं. लोक विश्वासानं पोटचं पोर आणून देत होते आणि आम्ही त्याला मऊ भात भरवत होतो, गाणी शिकवत होतो, हत्तीचे पाय मोजायला शिकवत होतो. आणि हेही. रोज सहा वाजता, न चुकता, एक धडा. शिकवणारी आजी एकटी नव्हती. खिडकी आमची होती. सरकणारी माझी आई होती. 'दृष्ट' म्हणणारी मी होते. ती पोरगी उद्या मोठी होईल, बँकेत जाईल, तिच्या बाळाला न्हाऊ घालायला कुणाची तरी आई बोलवेल. आणि म्हणेल, हो बाजूला. ती कुठे शिकली? दुर्पदामावशीच्या पाळणाघरात.

सई म्हणाली, "पाणी."

तिची घरची बाटली रिकामी होती.

मी उठले. खिडकीतला तांब्या घेतला. दोन्ही हातांनी, नऊ वर्षांची असताना घेतला होता तसाच. आमच्या माठातून भरला. सईच्या तोंडाला लावला. ती गटागटा प्यायली, हनुवटीवरून ओघळलं. मग मी प्यायले. मग आईपुढे धरला.

"आगं..." आई म्हणाली.

"पी."

तिनं तो घेतला नाही. काठावरचा पोचा तिनं बोटानं चाचपला. मग ओंजळ पुढे केली. मी ओतलं. ओंजळीनं प्यायली. तांब्याला ओठ लावणं तिला तेव्हा जमलं नाही.

मी पेटी उघडली. दुपटी बाजूला केली. कॅलेंडर काढलं. खिळा होता.

---

सहा वाजता रिक्षा आली. दोघी-तिघी आया मुलं न्यायला आल्या होत्या, चपला घालत होत्या. आजी काठी टेकत पायरीशी आल्या. खिडकीकडे बघितलं. तांब्या पालथा नव्हता. सुलटा होता, ओला होता.

"कुणी हात लावला?"

"मी," मी म्हणाले. "सईनं पाणी मागितलं. तिला दिलं. मीही प्यायले."

आजींनी मला निरखलं. "तू तीच ना गं?"

"हो. तीच. तेव्हा हातातून पडला होता."

आजींनी नेहमीप्रमाणे मला सोडून दिलं. दारात सईला कडेवर घेऊन उभ्या असलेल्या आईला म्हणाल्या, "अजून काही शिकवलं नाहीस का गं पोरीला?"

मला वाटलं, आता ती म्हणणार. चुकलं आजी तिचं.

आई म्हणाली, "शिकिवलं आजी. पर उलटं शिकिवलं व्हतं. चुकलं ते माझं. तिचं नाय."

हाय, नाय, व्हतं. सगळ्या आयांसमोर. मग तिनं सईला पुढे केलं. "घ्या. आशीच घ्या. कोरडी."

आजींनी हात पुढे केले नाहीत. सई दोघींच्या मध्ये लोंबकळत होती, तिला वाटलं खेळ आहे, ती हसत होती. आजींची नजर आईच्या खांद्यावरून आत गेली, भिंतीवर गेली. "सुनेला पाठवते," म्हणाल्या. रिक्षात बसल्या.

चिनूची आई म्हणाली, "म्हणजे ते दृष्टीचं नव्हतं?"

"नव्हतं," मी म्हणाले. "मी खोटं सांगत होते. आमचा हात लागलेला धुवायचं होतं ते."

तिनं चिनूला उचललं. चपलेचा बंद न लावताच गेली.

तासाभरात वहिनी आल्या. सईचे कपडे, वाटी, चमचा भरून घेतलं. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या, खोटं नव्हतं. "मी तुमच्यासाठी किती केलं. आणि तुम्ही एवढ्याशा तांब्यावरून?"

"हो वहिनी," मी म्हणाले. "एवढ्याशाच."

सई आईच्या पदराला धरून होती. बोटं एकेक करून सोडवावी लागली. 'माची, माची' असं कोपऱ्यापर्यंत ऐकू येत होतं. बाहुली इथेच राहिली.

---

आठवड्याभरात अकराची चार मुलं झाली. कुणी कारण सांगितलं नाही. कुणाची आत्या गावाहून आली होती, कुणाला घराजवळ दुसरं सापडलं होतं.

सईची झोळी सोडताना आई म्हणाली, "तुझं पत्रक झालं. माझी पोर गेली."

ती सईच्या वासाची गोधडी बरेच दिवस धूत नव्हती. हे मी विजयाचं म्हणून लिहीत नाही. मी सुरुवातीलाच 'चालेल' म्हणाले नसते, फोटो उतरवला नसता, नाव पुसलं नसतं, तर एका पोरीची बोटं अशी सोडवावी लागली नसती. आधी मी आईला वेडी म्हणाले, मग तिला मावशी केलं, मग तिच्या तोंडातली भाषा काढून घेतली. बंगल्यातल्यांनी तिचा हात धुतला. मी तिला अख्खी धुऊन काढत होते.

बाबांनी बोर्ड उतरवून घेतला. स्वतः रंगवला. आयुष्यभर अक्षरं उलटी जुळवलेला माणूस, ब्रशनं सुलटी लिहीत होता. 'दुर्पदाबाई पगारे यांचे पाळणाघर'. आडनाव सगळ्यांत मोठं. रंग ओघळून 'रे'ची मात्रा जाड झाली. तशीच ठेवली.

याला पाच वर्षं होतील. तांब्या न्यायला कुणी आलं नाही. तो आता खिडकीत नसतो. माठावर असतो, रोज चिंचेनं घासलेला. आईही आता त्यालाच ओठ लावून पिते.

आमच्याकडे मूल ठेवायला येणाऱ्यांसाठी एकच नियम आहे. तो मी केला, आईनं मान्य केला. दारातून मूल घेत नाही. आधी आत या. बसा. भिंतीवर बघा. मग मी त्या तांब्यातून पेल्यात पाणी ओतते आणि पुढे धरते. जे पितात, त्यांचं मूल आई मांडीवर घेते. जे म्हणतात, नको, आत्ताच प्यायलो, तहान नाही, बाटली आहे आमच्याकडे, त्यांना मी दारापर्यंत सोडायला जाते. मुलाची झोळी मोकळी राहिली तरी चालेल. पुन्हा कुणाला 'चालेल' म्हणणार नाही.

कालच एक जोडपं आलं होतं. सहा महिन्यांची मुलगी. बाईनं बोर्ड वाचला होता, मला दिसलं. पेला तिच्या हातात होता आणि ती नवऱ्याकडे बघत होती. आई पाय लांब करून बसली होती, हात पुढे न करता.

मी समजावलं नाही, घाई केली नाही. पेल्याकडे बघत उभी राहिले. आमच्यापैकी कुणी सरकलं नाही.